दख्खनमधील दुष्काळ आणि शाश्वत शेतीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास (१८७६ ते २०१६)

प्रस्तावना

जगाच्या अन्नसुरक्षेचा प्रश्न एकविसाव्या शतकात पुन्हा ऐरणीवर आला आहे. २००७-०८ मध्ये गहू, तांदूळ व मका यांच्या किमती जगभर भडकल्या आणि हैती, इजिप्त यांसारख्या देशांत लोक रस्त्यावर उतरले. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धामुळे काळ्या समुद्रातून होणारी गव्हाची वाहतूक अडली आणि आयातीवर जगणारे देश पुन्हा अडचणीत आले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इतर संस्थांसह २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे ६७ कोटी लोक भुकेने ग्रस्त होते. युद्ध, हवामानातील बदल, जमिनीची धूप, भूजलाचा उपसा व मोजक्या पिकांवरील अवलंबन ही अन्नसुरक्षेपुढील प्रमुख संकटे मानली जातात.

१९९६ मध्ये रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची व्याख्या केली. सर्व लोकांना, सर्व काळी, पुरेसे, सुरक्षित व पोषक अन्न प्रत्यक्ष उपलब्ध असावे आणि ते मिळविण्याची आर्थिक कुवतही त्यांच्यापाशी असावी, असा तिचा आशय आहे. या व्याख्येतील ‘सर्व काळी’ हे शब्द इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटतात. आज अन्न मिळाले हे पुरेसे नाही. ते ज्या जमिनीतून आले ती जमीन पन्नास वर्षांनीही पीक देईल काय, हा प्रश्न त्या दोन शब्दांत दडलेला आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातील दख्खनच्या पठारावरील दुष्काळांच्या आधारे केला आहे. १८७६ पासूनच्या सुमारे दीडशे वर्षांत या प्रदेशाने दुष्काळातील मृत्यू रोखण्याची व्यवस्था पायरीपायरीने उभारली. हे यश मोठे आहे. तथापि, माती, पाणी आणि पशुधन यांच्या संवर्धनाचा प्रश्न प्रत्येक दुष्काळानंतर उपस्थित झाला आणि पाऊस पडताच मागे पडला. माणसाला अन्नाची हमी मिळाली, पण अन्न देणाऱ्या जमिनीला ती मिळाली नाही, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

अवर्षणप्रवण प्रदेश आणि जुनी व्यवस्था

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस गेल्यावर सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पूर्व पुणे व पूर्व सातारा या भागांत तो ५०० ते ७०० मिलिमीटरपर्यंत खाली येतो. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाऊस कमी आहेच, शिवाय तो बेभरवशाचाही आहे. येथील शेतीची घडण या अनिश्चिततेतूनच झाली. काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून घेतलेली रब्बी ज्वारी, हलक्या जमिनीवर बाजरी, त्यांच्या जोडीला तूर, मटकी, हुलगा, करडई अशी मिश्र पिके आणि पडीक रानावर शेळ्यामेंढ्या असा हा मेळ होता. एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे, असा त्यामागील हिशेब होता.

ज्वारी हे या व्यवस्थेचे केंद्र होते. तिच्या दाण्यावर माणूस जगत असे आणि कडब्यावर जनावर. जनावरांमुळे नांगर, मोट आणि शेणखत यांची सोय होई. चांगल्या वर्षातील धान्य पेवांत व कणग्यांत साठवून वाईट वर्षासाठी राखले जाई. असे असूनही दुष्काळ टळत नसत. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उघडल्याची कथा लोकपरंपरेत आजही टिकून आहे. त्यामुळे जुना काळ सुखाचा होता असे म्हणता येणार नाही. संकटाला तोंड देण्याची काही साधने गावाच्या हाती होती, एवढेच म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकात ही साधने क्षीण झाली. रयतवारी पद्धतीत शेतसारा रोख भरावा लागे. १८६० च्या सुमारास रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली आणि धान्य दूरच्या बाजाराकडे जाऊ लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाला विलक्षण भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. याच सुमारास इंदापूरपासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली व सारा वाढविण्यात आला. कर्जबाजारी झालेल्या शेतकऱ्यांचा असंतोष मे १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांतून प्रकट झाला. त्यानंतर एकाच वर्षाने पाऊस रुसला.

१८७६-७८ चा दुष्काळ : धान्य आणि क्रयशक्ती

१८७६ च्या दुष्काळाने मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानाचा मोठा भाग ग्रासला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला, तेव्हा दख्खनमधील माणसे गावे सोडून निघाली होती. या आपत्तीत अर्ध्या कोटीहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज आहे. मुक्त व्यापाराच्या तत्त्वात हस्तक्षेप नको म्हणून या काळातही हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू राहिली.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागांत पाठविले. खर्च आवरण्यासाठी त्यांनी दुष्काळी कामांवरील पुरुष मजुराचा रोजचा मोबदला एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा इतका खाली आणला. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला एवढे धान्य पुरत नाही, अशी हरकत मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी घेतली. मुंबई इलाख्यात मजुरांनी या दराविरुद्ध कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे वृत्तांत पाठविले. दुष्काळात मदत मिळणे ही सरकारची कृपा नसून रयतेचा हक्क आहे, ही भूमिका महाराष्ट्रात येथून आकार घेऊ लागली.

सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. दुष्काळात देशातले धान्य संपते असे नव्हे. शेतीचे काम थांबल्याने मजुरीवर जगणाऱ्यांची धान्य विकत घेण्याची ताकद संपते, हे आयोगाने ओळखले. यातूनच दुष्काळ संहिता तयार झाल्या. अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात अन्नावरील हक्काचा जो सिद्धांत मांडला, त्याचे एक बीज या प्रशासकीय अनुभवात आढळते. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या द्वारे याच संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांना समजावून दिल्या. त्याचा परिणाम म्हणून १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

संहितेची चौकट मात्र आपत्तीपुरती होती. दुष्काळ जाहीर कधी करावा, काम किती द्यावे, मजुरी किती असावी हे ती सांगे. पुढच्या वर्षी तीच जमीन पुन्हा कोरडी पडू नये यासाठी काय करावे, हा तिचा विषय नव्हता.

महात्मा फुले यांची मांडणी

हा विषय महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात हाताळला. शेतकऱ्याच्या दैन्याची सामाजिक व राजकीय कारणे सांगणारा ग्रंथ म्हणून तो सुपरिचित आहे. त्यातील मृद्संधारणाचा विचार तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

फुले यांच्या मांडणीत जमिनीचा कस, जंगल, जनावर आणि पाणी ही एकच साखळी आहे. डोंगरावरील पालापाचोळा, गवत आणि कुजलेले जीवजंतू यांचे सत्त्व पावसाबरोबर शेतात येते आणि जमीन सुपीक राहते, हे ते नोंदवितात. जंगल खात्याने गायराने ताब्यात घेतल्यामुळे जनावरे कमी झाली आणि त्यामुळे खत व बैलबळही घटले, असे ते दाखवून देतात. उपाय सुचवितानाही ते याच साखळीला धरून आहेत. सरकारने लष्कर व पोलिस यांतील रिकाम्या मनुष्यबळाकडून ठिकठिकाणी ताली व बंधारे घालून घ्यावेत, त्यामुळे पाणी शेतात मुरून मगच नदीनाल्यांस मिळेल. तळी व धरणे बांधावीत. कालव्याचे पाणी वाया जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या शेतास तोटी बसवून ते मोजून द्यावे. जनावरांची जोपासना करावी व गायराने परत द्यावीत, अशा त्यांच्या सूचना आहेत.

पाणलोट क्षेत्र विकास, मोजून पाणी आणि सेंद्रिय खत या आजच्या परिभाषेतील कल्पना येथे १८८३ मध्येच साध्या भाषेत आलेल्या आहेत. ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ करणारा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल १९८७ चा आहे. फुले यांचे वेगळेपण असे की, मातीची झीज आणि शेतकऱ्याचे शोषण यांना त्यांनी निरनिराळे प्रश्न मानले नाही. ज्याच्याकडे खत विकत घेण्यास पैसा नाही आणि जनावर चारण्यास रान नाही, तो जमीन जपणार कशी, हा त्यांचा मूळ सवाल होता.

कालवे आणि कोरडवाहू संशोधन

फुल्यांच्या सूचनांपैकी सरकारने उचलली ती धरण-कालव्यांची, आणि तीही आपल्या सोयीने. खडकवासला धरणावरील मुठा कालवा आणि १८८५ मध्ये सुरू झालेला नीरा डावा कालवा यांकडे दुष्काळापासून संरक्षण देणारी कामे म्हणून पाहिले जाई. तथापि, भारी जमिनीचे शेतकरी चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीसाठी पाणी घेत नसत. त्यामुळे कालव्याचा खर्च निघेना. उसाला मात्र बारमाही पाणी लागे आणि त्यापासून पाणीपट्टीही चांगली मिळे. साहजिकच कालव्यांच्या पट्ट्यात ऊस स्थिरावला. एम. विश्वेश्वरय्या यांनी आखलेल्या ब्लॉक पद्धतीचा हेतू पाणी अधिक गावांत विभागावे आणि पिकांची फेरपालट व्हावी हा होता. पण उसाची ओढ तिने थांबली नाही. निचऱ्याअभावी नीरेच्या पट्ट्यातील हजारो एकर जमीन विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच पाणथळ व चोपण झाली. एका बाजूला तहानलेले माळ आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने मेलेली जमीन, हे चित्र तेव्हापासूनचे आहे.

कोरडवाहू शेतीची दखल उशिरा घेतली गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळात जनावरांची फार मोठी हानी झाली होती. त्यानंतरच्या आयोगाने तगाई व सहकारी पतपुरवठ्यावर भर दिला आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनास प्रारंभ झाला. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, वारंवार कुळवणी, विरळ पेरणी व ओल टिकविणे ही सूत्रे तेथे सिद्ध करण्यात आली. याच काळात मोहोळ येथे स्थानिक वाणांतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारी तयार झाली. दाणा आणि कडबा दोन्ही उत्तम देणारा हा वाण आजही शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरतो.

१९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यान्वये समपातळी बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर झाली. हलक्या व मध्यम जमिनीत तिचा उपयोग झाला. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधामागे पाणी साचून पिके पिवळी पडली आणि उन्हाळ्यात भेगाळलेले बांध पावसाळ्यात फुटले. शिवाय बांध समपातळीने जाई आणि शेताची हद्द दुसरीकडूनच जाई. शेतकऱ्याला तो बांध आपला वाटला नाही आणि त्याची देखभालही झाली नाही. तंत्र बरोबर असले तरी जमीन आणि जमीनधारक यांना विचारात न घेता ते टिकत नाही, हा धडा यातून मिळतो.

१९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी

सलग अपुऱ्या पावसानंतर १९७२ चा मोसमी पाऊस महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पडलाच नाही. धान्योत्पादन कोसळले. अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, शिधावाटपाच्या दुकानांतून घ्यावा लागला. कामांवर मुलांना सुकडी वाटली गेली. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. इतक्या तीव्र संकटात १८७६ सारखा मृत्यूंचा कहर झाला नाही, हे लोकशाही शासनाचे, विरोधी पक्षांच्या व श्रमिक संघटनांच्या दबावाचे आणि कामावर येऊन खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जिद्दीचे यश होते.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिला या अनुभवाने बळ मिळाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. नागरी भागातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून तिचा खर्च उभारण्यात आला. सार्वजनिक सभेने १८७७ मध्ये मागितलेला हक्क शंभर वर्षांनी कायद्यात उतरला. २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

या योजनेतून पाझर तलाव, नालाबंडिंग व बांधबंदिस्ती यांची कामे झाली. पण बऱ्याच ठिकाणी काम पुरविणे हेच उद्दिष्ट राहिले. त्या कामातून पाणलोटाचा विकास व्हावा ही दृष्टी दुय्यम ठरली. माथ्यावर झाडे व समतल चर नसताना पायथ्याशी तलाव झाले आणि ते गाळाने भरले. ताली-बंधाऱ्यांसाठी फुल्यांनी मागितलेले मनुष्यबळ उपलब्ध झाले, परंतु त्यामागील साखळीचा विचार हरवला.

धान्य वाढले, जमीन थकली

१९६० नंतर संकरित बियाणे, रासायनिक खते, विद्युत पंप व हमीभाव यांच्या बळावर देश धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. या हरितक्रांतीचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. लाल मिलोच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला तिचे महत्त्व सांगावे लागत नाही. परंतु स्वस्त धान्यवाटपात गहू व तांदूळ यांना जे स्थान मिळाले ते ज्वारी-बाजरीला मिळाले नाही. खरिपातील ज्वारीची जागा सोयाबीन व कापसाने घेतली आणि राज्यातील ज्वारीचे क्षेत्र काही दशकांत निम्म्याहूनही खाली आले.

ज्वारी गेली तेव्हा केवळ भाकरी गेली नाही. कडबा घटला, चारा विकतचा झाला, बैल परवडेनासे झाले, शेणखत कमी पडू लागले आणि जमिनीतील सेंद्रिय अंश घटत गेला. रासायनिक खताने पीक उभे राहिले, तरी पाणी धरून ठेवण्याची मातीची शक्ती त्याने वाढत नाही. म्हणून पावसात थोडा खंड पडला तरी पीक माना टाकते. दुसरीकडे, १९७२ नंतर विंधन विहिरींची संख्या वाढत गेली आणि भूजल खोल गेले. लागवडीच्या लहानशा क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेत राहिला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये तुटीच्या खोऱ्यांतील अशा पिकांवर मर्यादा घालण्याची गरज दाखवून दिली होती.

२०१२-१३ मध्ये मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. १८७६ मध्ये रेल्वे दुष्काळी प्रदेशातून धान्य बाहेर नेत होती. २०१६ मध्ये ती पाणी घेऊन आली. शासनाच्या वृत्तीतील हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र धान्याची कोठारे भरलेली असताना पाण्यासाठी रेल्वे लागावी, याचा अर्थ संकट आता कोठारातून जमिनीखाली सरकले आहे.

पर्यायी प्रयोग

याच प्रदेशात वेगळ्या वाटेचे प्रयोगही झाले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीची कल्पना प्रत्यक्षात आणली. पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या प्रमाणात वाटावे, भूमिहीनालाही त्यात वाटा असावा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येऊ नये आणि या पाण्यावर ऊस घेऊ नये, ही तिची तत्त्वे होती.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व समतल चरांची कामे झाली. ती करताना रोजगार हमीच्या निधीचाच आधार घेण्यात आला. शेतीसाठी विंधन विहिरी न घेण्याचा निर्णय गावाने केला आणि पावसाच्या मापावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा पाडली. गवत वाढले, जनावरे वाढली, दूध वाढले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली. जंगल, जनावर, माती व पाणी ही फुले यांनी मांडलेली साखळी येथे पुन्हा जोडली गेली. जी योजना इतरत्र केवळ मजुरीपुरती राहिली तिच्यातूनच हे घडले, ही बाब लक्षणीय आहे. फरक निधीचा नव्हता; पाणी किती आहे व ते कोणाचे आहे याचा निर्णय गावाने एकत्र बसून घेतला, हा होता.

अर्थात, एका गावाचे यश खोऱ्याला आपोआप लागू पडत नाही. उसाचा भाव, विजेचा दर, धान्यखरेदीचे धोरण हे गावाच्या हाती नसतात. ज्वारी पिकविणारा शेतकरी माती व पाणी राखून समाजावर उपकार करीत असेल आणि बाजार त्याला शिक्षाच देत असेल, तर शाश्वत शेती हा उपदेशच राहील. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्या गौरवाचे मोल खरेदी केंद्रावर ज्वारीला काय भाव मिळतो यावरूनच ठरेल.

समारोप

दख्खनच्या इतिहासातून जागतिक अन्नसुरक्षेच्या चर्चेसाठी तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, उत्पादन वाढले म्हणजे भूक आपोआप मिटते असे नाही; १८७६ मध्ये धान्य होते, पण मजुराच्या हातात ते घेण्याची शक्ती नव्हती. दुसरा, अन्नाचा हक्क मिळवून दिला म्हणजे काम पूर्ण झाले असेही नाही. १९७२ नंतर हक्क मिळाला, पण मातीचा कस व भूजल घटत गेले. तिसरा, माती व पाणी यांचे संवर्धन न्याय्य वाटपावाचून टिकत नाही. समपातळी बांधांचे अपयश आणि पाणी पंचायतीचा अनुभव हेच सांगतात.

दुष्काळ संहितेने मजुरीचा हिशेब शिकविला, हरितक्रांतीने पोत्यांचा. जमिनीत किती ओल राहिली, विहिरीची पातळी किती उतरली आणि गावात जनावरे किती उरली, हा हिशेब गावाच्या व राज्याच्या दप्तरात तितक्याच गांभीर्याने मांडला जाणे आता अगत्याचे आहे. हवामानातील बदलामुळे पावसाचे खंड आणि अतिवृष्टी दोन्ही वाढत असताना हे काम पुढच्या दुष्काळापर्यंत लांबणीवर टाकता येणार नाही. पाऊस पडला की दुष्काळ विसरण्याची सवय या प्रदेशाला दीडशे वर्षे महागात पडली आहे. ताली-बंधारे घालण्याची वेळ चांगल्या पावसाच्या वर्षीच असते.